यंत्र चालू असेपर्यंत

वाजवणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची झाली की लोक गुरूपासून सुरुवात करतात. या मुलीची गोष्ट पिळणीपासून सुरू करावी लागते.

पिळणी म्हणजे धुलाईघरातलं पाणी काढायचं यंत्र. माणूस उभा मावेल एवढं लोखंडी पिंप, आणि त्याच्या पोटात जाळीचं दुसरं. ओल्या चादरी आत भरायच्या, झाकण आवळायचं, दांडा ओढायचा. आधी ते आजारी जनावरासारखं कण्हतं. मग फिरायला लागतं, फिरता फिरता त्याचा घुमारा वर वर चढतो आणि एका उंचीवर जाऊन घारीसारखा स्थिर होतो. तिथे तो बराच वेळ तरंगतो. दांडा सोडला की तसाच सावकाश खाली येतो आणि बुडाशी एखाददुसरा ठोका देऊन गप्प बसतो. सुट्टीचा वार सोडला तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हे असंच चालायचं.

त्या पिळणीच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत ही मुलगी, तिची आई आणि मामा राहत. खोलीला एकच खिडकी होती आणि ती मागच्या अंगणात उघडायची. अंगणात दोऱ्यांवर इस्पितळाच्या आणि हॉटेलांच्या चादरी वाळत. पिळणी सुरू झाली की जमीन थरथरे, आणि फडताळातल्या कपबशा किणकिणू नयेत म्हणून आईने प्रत्येक दोन बशांच्या मध्ये फडकं घातलेलं असे.

ही माणसं इथली नव्हती. आपला मुलूख पेटला तेव्हा जे हाताला लागलं ते घेऊन निघालेली. वडील तिकडेच राहिले. राहिले म्हणजे काय, हे घरात कुणी उलगडून सांगितलं नाही आणि मुलीने विचारलं नाही. सोबत आजोबा होते, वडिलांचे वडील. ते अर्ध्या वाटेपर्यंत होते.

त्या वाटेवर एका दुपारी ही सगळी एका धान्याच्या कोठारात लपली होती. आणखीही बरीच कुटुंबं होती. बाहेर रस्त्यावर शिपायांच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि शिपाई सावलीला बसून काहीतरी खात होते. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. म्हणजे आतलंही बाहेर ऐकू गेलं असतं. आजोबांना खोकला होता. तोंडात कापड धरलं तरी तो छातीतून यायचाच. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. नुसतं सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. आजोबांनी अंगावरची शाल काढली, तिची नीट घडी केली, मुलीच्या मांडीवर ठेवली आणि मागच्या फळीतून ते शेताकडे निघून गेले. खोकला लांब लांब जात राहिला. मग ऐकू येईनासा झाला. लांब गेला म्हणून की आणखी कशाने, ते पाहायला कुणी गेलं नाही. आईही नाही. संध्याकाळी गाड्या निघून गेल्या आणि माणसं पुढे चालू लागली. मुलगी तेव्हा दुधाचे दात पडायच्या वयाची होती.

इथे आल्यावर आईला धुलाईघरात इस्त्रीचं काम मिळालं, मामाला भट्टीचं आणि गाठोडी पोचवायचं. मालकीणबाईंनी वरची खोली दिली. मालकीणबाई बऱ्या होत्या. त्यांनी कधी आवाज करू नका असं सांगितलं नव्हतं, तो नियम आईचा होता. खुर्चीच्या पायांना चिंध्या बांधलेल्या, कडीला तेल घातलेलं, शिंक आली तर उशीत. "आपण आहोत हे कुणाला कळायला नको," आई म्हणायची. "आपलं काम कळलं, बास झालं."

मामा म्हणायचा, "ताई, या घरात झुरळंसुद्धा मोजे घालून फिरतात."

"हळू बोल," आई म्हणायची.

मुलीचं पाऊल वाजायचं नाही. जिन्यावर ती मागून येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता लागत नसे. धुलाईघरातल्या बायका तिला मांजर म्हणू लागल्या. "अगं मांजरे, दचकवतेस की. एखाद्या दिवशी हातातली इस्त्री सुटेल माझ्या." मुलगी हसायची, तेही नुसत्या ओठांनी.

मामाने तिकडून एकच वस्तू आणली होती, व्हायोलिन. तिकडे तो लग्नाकार्यात वाजवायचा. लोक पहाटेपर्यंत नाचले तरी त्याचा हात थकायचा नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्याच्याबद्दल तसं सांगायला दुसरं कुणी उरलंही नव्हतं. इथे आल्यावर व्हायोलिनची पेटी पलंगाखाली गेली. आई म्हणाली, "तिथेच राहू दे."

एक दिवस आई खाली इस्त्रीवर होती आणि पिळणी घुमत होती. मामाने पेटी ओढली आणि वाजवलं. संध्याकाळी त्याने आईला विचारलं, "आज दिवसभरात काही ऐकलंस का?"

"काय ऐकायचं?"

"काही नाही. नाही ना ऐकलंस? मग झालं तर."

त्या दिवसापासून घरात रीत पडली. यंत्र चालू असेपर्यंत वाजवायचं. यंत्र बंद, वाद्य पेटीत. आईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण पुढे मामाने व्हायोलिन मुलीच्या खांद्यावर ठेवलं, तेव्हा आईने त्याच्या तळाला लावायला एक जुना मऊ रुमाल काढून दिला.

पिळणीच्या गजरात बोलून शिकवणं शक्य नव्हतं. मामा हाताने शिकवायचा. चुकलेलं बोट उचलून बरोबर जागी ठेवायचा, कोपर वर ढकलायचा, मनगट सैल करायचा. मुलीलाही आपलं वाजवणं कानाने फारसं कळत नसे. वाद्य हनुवटीखाली दाबलेलं असे, त्याची थरथर जबड्यातून वर जायची, आणि ती हाडाने ऐकायला शिकली. पिळणीचा स्थिर घुमारा धरून मामाने तारा लावल्या. तोच तिचा षड्ज. पिळणी चढायला लागली की मामा तिच्या खांद्यावर बोट टेकवायचा, म्हणजे निघ. पिळणी उतरू लागली की बोट उचलायचा, म्हणजे आवर. तिला येणारी प्रत्येक चाल एका पिंपभर चादरींएवढी लांब होती.

तिला ते आवडत होतं का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. इतर वेळी तिच्या अंगात काही हलत नसे. शाळेत मुलं तिच्या बोलण्याची नक्कल करत, ती बघत उभी राही. पडली, खरचटलं, तरी रडत नसे. आई म्हणायची, शहाणी आहे. मामा काही म्हणायचा नाही. व्हायोलिन हातात असलं की त्या हाडातल्या थरथरीपुरती ती कुठेतरी असायची, एवढंच.

शाळा संपत आली. मालकीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की मुलीला घडीच्या टेबलावर घेऊ. मोठ्या चादरीची घडी घालायला समोरासमोर दोन माणसं लागतात आणि आईच्या समोरची बाई आता कमरेतून वाकली होती. आईच्या मनात ते पक्कं होतं. काम घरातच, जिना उतरलं की संपलं, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको.

पण मामा गावातल्या संगीतशाळेत वादकांचे पांढरे सदरे पोचवायला जायचा. ती शाळा दरवर्षी थोडी मुलं निवडून घ्यायची, शिकवायची, आणि त्यांतली चांगली निघतील त्यांना वाद्यवृंदात कामाला ठेवायची. एकदा सदरे मोजून देताना मामा तिथल्या मास्तरांना म्हणाला, "तुमच्या कॉलरी बघून मला कळतं कोण व्हायोलिनवाला आहे. डावीकडे झिजलेली असते. एकाची मात्र दोन्हीकडून कोरी. तो सरावच करत नसावा."

"तो मी," मास्तर म्हणाले. "मी नुसती काठी हलवतो. ते घाम गाळतात."

दोघं हसले, आणि त्या हसण्याच्या आधाराने मामा म्हणाला, "आमची भाची वाजवते."

"कुणाकडे शिकली?"

"थोडं माझ्याकडे, बाकी एका जाडजूड बाईकडे. भारी कडक बाई, सूर कधी हलत नाही तिचा."

"आणा तिला. परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात."

घरी हे कळल्यावर आईने इस्त्रीचे कपडे घडी करता करता एवढंच विचारलं, "लोकांसमोर वाजवायचं?"

"समोर म्हणजे काय, तिघं बसलेले असतात टेबलाशी."

"तिघं पुष्कळ झाले." घडी खाली ठेवून ती मुलीला म्हणाली, "जा. पण हळू वाजव."

नाही निवडली तर घडीचं टेबल, हे ठरलेलंच होतं.

परीक्षेची खोली मोठी होती. खाली जाड गालिचा, भिंतींना पडदे, खिडक्या बंद. मुलगी चालत मधोमध गेली तेव्हा तिचं पाऊल नेहमीसारखंच वाजलं नाही, पण या वेळी दुसऱ्याही कुणाचं वाजत नव्हतं. टेबलाशी मास्तर, चष्म्याच्या एक बाई आणि एक म्हातारे गृहस्थ होते. मामाला दाराबाहेर थांबवलं होतं.

"हं, सुरू कर," मास्तर म्हणाले.

तिने वाद्य हनुवटीखाली घेतलं, गज तारेजवळ नेला आणि ती थांबली.

खोली इतकी शांत होती की तिला आपल्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. ती थांबून राहिली. तिला भीती वाटत नव्हती. ती काही विसरलीही नव्हती. पहिली जागा बोटाखाली होती, दुसरी तिच्या शेजारी होती. पण खालून काही येत नव्हतं. जमीन हलत नव्हती. खांद्यावर बोट नव्हतं.

"घाबरू नकोस, बाळ," चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

"नाही," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

म्हातारे गृहस्थ खोकले. रुमाल काढून पुन्हा खोकले. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. कुणी उठलं नाही. मास्तरांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "बरं. पुढच्या मुलाला पाठव."

बाहेर मामाने विचारलं, "झालं?"

"झालं."

"मला ऐकू नाही आलं. भिंती जाड आहेत. काय म्हणाले?"

"पुढच्याला पाठव म्हणाले."

दोघं रस्त्याला लागले. एका कोपऱ्यावर लोखंडकाम चाललं होतं, कानठळ्या बसत होत्या. तिथे मुलगी आपोआप थांबली. तिचा डावा हात पेटीवर होता आणि पेटीवरच त्याची बोटं फिरू लागली होती. मामाने ते पाहिलं. पाहता पाहता त्याचा चेहरा उतरला.

"सुरुवात," तो म्हणाला. "सगळं शिकवलं मी तुला. सुरुवात तेवढी राहिली. ती नेहमी पिळणीच करायची."

घरी त्याने आईला सांगितलं. "तिला येतं सगळं, ताई. सुरुवात करता येत नाही. सुट्टीच्या वारी खोलीत वाजवू दे. यंत्र बंद असताना."

"घडीच्या टेबलावर येऊ दे तिला," आई म्हणाली. "तिथे कुणी सुरुवात कर म्हणत नाही."

"ताई, ते कोठार मागे राहिलं."

"तुझं राहिलं असेल."

मुलगी तिथेच बसून भाजीची देठं मोडत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळत होतं. एखाद्या लांबच्या नात्यातल्या मुलीबद्दल ऐकावं तसं ती ते ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी मामा सदरे नसतानाही संगीतशाळेत गेला. आजारी पडलेल्या मुलांसाठी शेवटी एक दिवस राखून ठेवलेला असतो, हे त्याला तिथल्या शिपायाने सांगितलं होतं.

"आजारी होती का ती?" मास्तरांनी विचारलं.

"आजारी नव्हती."

"मग काय होती?"

"वाट बघत होती." आणि मामाने त्यांना पिळणीची सगळी हकीकत सांगितली. कोठाराची सांगितली नाही.

मास्तर हातातली पेन्सिल फिरवत होते. "म्हणजे ती कडक बाई," ते म्हणाले, "यंत्र आहे."

"हो. पण शिस्तीची आहे."

"आणा परत. मात्र या वेळी तिने वाजवलं पाहिजे. नुसतं उभं राहिलेलं मला दोनदा चालवून घेता येणार नाही."

सुट्टीचा वार आला. मास्तरांनी परत बोलावल्याचं मामाने आईच्या कानावर घातलं होतं. खाली पिळणी झाकण उघडं टाकून पडली होती. आईने सकाळची कामं आटोपली, पदराला हात पुसले आणि दाराशी जाऊन म्हणाली, "वाजवा. मी जिन्यात उभी राहते. कुणी वर येताना दिसलं तर कडी वाजवीन."

मामा या वेळी तिच्याजवळ उभा राहिला नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, म्हणजे त्याचं बोट नको आणि नजरही नको. मुलगी मधोमध उभी राहिली. पुष्कळ वेळ गेला. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायापासून उशीपर्यंत सरकलं. दोरीवरच्या चादरी वाऱ्याने फुगल्या आणि खाली बसल्या. मग कधीतरी तिने गज टेकवला आणि ओढला.

आवाज आला. तो तिला वाटला होता त्याहून फार मोठा होता. कुणीतरी दुसरंच वाजवतंय असं वाटून तिने पाहिलं, तर हात आपलाच होता. ती थांबली नाही. बोट उचलल्याशिवाय थांबायचं कसं हेही कुणी शिकवलेलं नव्हतं.

आई जिन्यात कठडा धरून उभी होती. पहिल्या सुराबरोबर तिचे खांदे वर गेले ते खाली आले नाहीत. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे काका राहत, एकटेच. एका डोळ्याला भिंग तसंच लावलेलं होतं.

"बाई, आज पिळणी बंद आहे ना?"

"त्रास झाला असेल तुम्हाला," आई म्हणाली. "आत्ता थांबवते."

"थांबवू नका हो. आज सरळ ऐकू येतंय म्हणून विचारलं. एरवी पिळणीच्या भुशातून दाणे वेचावे लागतात."

"एरवी?"

"रोजच की. भिंत एकच आहे आपली. आधी तुमचे भाऊ वाजवायचे, मग पोरगी लागली. सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, गंजलेली बिजागरी परवडली असती. हल्ली बरं वाजवते. माझी घड्याळंसुद्धा बरी चालतात."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं?" काकांनी भिंग काढलं आणि खरोखरच विचारात पडून तिच्याकडे पाहिलं. "कुणाला बोलायचं?"

काका दार लोटून आत गेले. लोटलं, लावलं नाही.

आई पायरीवर बसली. इतकी वर्षं आवाज बाहेर जात होता. भिंतीतून, जिन्यातून, कदाचित रस्त्यावरही. आणि कुणी आलं नव्हतं. हा विचार हातात धरून ती मागे मागे जायला निघाली, त्या दुपारपर्यंत, फळीतून बाहेर पडणाऱ्या पाठीपर्यंत. तिथे पोचण्याआधीच तिने तो खाली ठेवला. आत मुलगी तीच चाल पुन्हा वाजवू लागली होती. आई उठली, जिना उतरून धुलाईघरात गेली आणि बंद यंत्रांमध्ये एका गाठोड्यावर बसून राहिली. ती रडत नव्हती. बायकांनी विचारलं असतं तर इस्त्र्या बघायला आले म्हणाली असती. पण सुट्टी होती, विचारायला कुणी नव्हतं.

राखीव दिवशी मुलगी पुन्हा त्या गालिच्यावर उभी राहिली. टेबलाशी तेच तिघं. मास्तर या वेळी सुरू कर म्हणाले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि ते खिडकीकडे बघत बसले. मुलीने वाट पाहिली. पण पहिल्या वेळेसारखी नाही. सुट्टीच्या वारी पाहिली होती तशी. मग तिने सुरुवात केली.

मध्यावर आल्यावर मास्तरांनी हात वर केला. तिला तो दिसला नाही. म्हाताऱ्यांनी टेबलावर टिचकी मारली, तीही ऐकू आली नाही. पिंपभर चादरींची चाल पिंपभर चालली, आणि ती संपली तेव्हा मुलीने वाद्य खाली घेतलं.

"तारा खाली लावल्यात," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "सगळंच्या सगळं थोडं खाली आहे. पण एकमेकांत पक्कं आहे. नवलच."

"त्या बाईने लावून दिल्यात," मास्तर म्हणाले. "आम्ही वर ओढून घेऊ. पोरी, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून यायचं. रोज. आणि हात वर केला की थांबायचं."

"हो," मुलगी म्हणाली.

आनंद व्हायला हवा, हे तिला माहीत होतं. तिने तो आत शोधून पाहिला. तिथे नेहमीचीच शांतता होती. जबड्यात मात्र थरथर अजून होती, ती रस्ताभर टिकली. मामा शेजारून बोलत चालला होता, तिकडच्या लग्नांबद्दल, एका नवरीबद्दल जिने त्याला रात्रभर एकच चाल वाजवायला लावली होती. ती ऐकत होती.

धुलाईघरात आई घडीच्या टेबलाशी उभी होती. समोरची बाई कंबर धरून बाकावर बसली होती. मुलगी जाऊन चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि दोन कोपरे धरले. पिळणी चालू होती, म्हणून आईला मोठ्यांदा विचारावं लागलं.

"वाजवलंस?"

"वाजवलं."

"जोरात?"

"हो."

"कुणी काही म्हणालं?"

"थांब म्हणाले. मी थांबले नाही. मग रोज ये म्हणाले."

आईने चादर ताणली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, कोपऱ्याला कोपरा लागला, आईने मुलीच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली. जवळून तिने मुलीच्या हनुवटीखालचा लाल वळ पाहिला आणि अंगठ्याने तो पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

"मालकीणबाईंना सांगून येते," ती म्हणाली. "घडीला दुसरं माणूस बघा म्हणून. त्यांना वेळेवर कळलेलं बरं."

आणि हातातली घडी टेबलावर ठेवून ती पुढच्या खोलीकडे गेली.